कुठली चकती?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘आपल्या व्यवसायातले प्रेरणादायी अनुभव कळवावेत.’ मी पस्तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या. आधी शिरूरला दुसऱ्याच्या गॅरेजात, मग दौंडला स्वतःच्या. या काळात ठिणगी देणारी एकच वस्तू मला भेटली, ती म्हणजे स्पार्क प्लग, आणि तोही ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. तेव्हा प्रेरणा बाजूला ठेवून मी गंजाबद्दल लिहितो. गंजातलं मला कळतं असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

खरं तर एकाच गाडीबद्दल लिहायचं आहे. ती एका घरापुढे पावसाळाभर उभी होती. मुलगा परत येईपर्यंत ती जशीच्या तशी राहावी, एवढीच त्याच्या बापाची इच्छा होती. ती जशीच्या तशी राहिली. पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

पण आधी गंज म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या माणसाला ते माहीत नसतं. कोकणातला माणूस गंज बघतच मोठा होतो. आमचा भाग कोरडा. दोन-तीन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून जातो, लोक निर्धास्त होतात, आणि मग एखाद्या वर्षी तो असा बसतो की महिनाभर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. त्या वर्षी गॅरेजपुढे रांग लागते. वरवंडचा एक शेतकरी गाडी ढकलत घेऊन आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “मेस्त्री, गाडीवर तांबेरा पडलाय. कसली फवारणी करू?” गव्हावर पडतो तो रोग त्याने ओळखला होता. मी हसलो. आता वाटतं, त्याने बरोबर शब्द वापरला होता. आपल्या माहितीतला.

पाणी एकटं लोखंडाला फारसं काही करत नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, वारा लागला, गाडी वाळली, संपलं. लोखंडाला खातो तो अडकलेला ओलावा. मडगार्डच्या आत साचलेला चिखल, चेनच्या कड्यांत राहिलेलं पाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरून घट्ट बांधलेलं प्लास्टिक. रांजणगावला कंपनीत असलेला बिहारचा एक पोरगेला कामगार पावसाळ्यात दोन महिने गावी गेला. जाताना त्याने गाडीला पन्नीत असं गुंडाळलं होतं की पार्सलच करून पाठवायची असावी. परत आला तर स्पोक लाल, हँडल लाल, सायलेन्सरला भोक. माझ्याकडे येऊन रडकुंडीला येत म्हणाला, “भैया, पूरा बांधा था! एक बूंद पानी अंदर नहीं गया.”

“अंदर नहीं गया, लेकिन जो अंदर था वो बाहर भी नहीं आया,” मी म्हणालो. जमिनीची वाफ वर येते, पन्नीला आतून घाम सुटतो, आणि तो गाडीवर ठिबकत राहतो. गाडीला छप्पर द्यावं, कफन देऊ नये. हे वाक्य मी बऱ्याच लोकांना ऐकवलं. लोकांना आवडायचं. मलाही आवडायचं.

आमच्याकडे पन्नीपेक्षा जास्त चालतो तो फ्लेक्स. पुढाऱ्यांचे वाढदिवस वर्षभर येत असल्यामुळे या मालाची टंचाई कधी पडली नाही. मी एकदा एका गाडीवरून फ्लेक्स ओढला, तर टाकीवर पुढाऱ्याचा चेहरा, सीटवर जोडलेले हात आणि मागच्या चाकावर बावीस शुभेच्छुक. गाडीवाला म्हणाला, “ह्यांनी पक्ष बदलला मेस्त्री, म्हणून उतरवला चौकातनं. कापड मात्र चांगलंय.” आत गाडी सडली होती. मी त्यातून काही राजकीय अर्थ काढला नाही. गिऱ्हाइकाने काढला आणि स्वतःच हसला.

तिसरी तऱ्हा काळजीवाहू माणसांची. शिरूरला एक निवृत्त हेडमास्तर होते. रोज सकाळी सात वाजता गाडी सुरू करायची, दोन मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. शाळेच्या घंटेसारखं. “वाहन कार्यरत ठेवतो मी,” ते म्हणायचे. दोन मिनिटांत सायलेन्सर धड तापत नाही. जळलेल्या पेट्रोलचं पाणी होतं, आतच राहतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. मी त्यांना सांगितलं, सर, एक तर दहा किलोमीटर चालवा, नाही तर हातच लावू नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गाबाहेर उभा आहे असं मला वाटलं. पुढे दोन वर्षांत त्यांनी तीन सायलेन्सर बदलले. घंटा मात्र चुकली नाही.

अशा गोष्टी सांगून सांगून माझं नाव झालं. मी वाचायचोही. गॅरेजात पाना-पेंचिसाच्या फळीवर पुस्तकं असायची, त्यांना ऑइलचे डाग असायचे. त्यामुळे लोक मला मेस्त्री म्हणता म्हणता मध्येच मास्तर म्हणायचे. ती चेष्टा होती हे कळायला मला उशीर लागला, आणि कळल्यावरही मला ती गोडच वाटत राहिली.

श्रीपत आप्पा मात्र मला कधी मास्तर म्हणाले नाहीत.

आप्पा रेल्वेत कीमन होते. दौंडला राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. कीमन म्हणजे रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून ठरलेल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जाणारा माणूस. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या धक्क्याने सैल होतात. सैल दिसली की ठोकायची. वर्षातून एकदा रुळाचे सांधे उघडून त्यांत ग्रीस भरायचं काम गँगबरोबर करायचं. आप्पांनी तीस वर्षं हे केलं. त्यांच्या हद्दीत एकही गाडी रुळावरून उतरली नाही. त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं आणि आप्पांचं नाव चुकीचं घेतलं. आप्पा मला सांगायचे, “चुकलं तर चुकलं. चाव्या बरूबर होत्या ना.”

त्यांचा धाकटा संघपाल. कुरकुंभला कंपनीत कंत्राटावर पाळ्या करायचा आणि पाळी कुठलीही असो, रोज धावायचा. मी सकाळी शटर उघडायच्या वेळी तो घामाने निथळत गॅरेजपुढून जायचा. हात वर करायचा, पण थांबायचा नाही. वस्तीतले लोक म्हणायचे, हे पोरगं गाडी घेऊन कशाला फिरतं, गाडीच्या पुढं पळतं की! दोन वर्षं पाळ्या करून त्याने मोटारसायकल घेतली होती. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. संघपाल पोलीस भरतीत धावण्यात पहिला आला, त्याची निवड झाली आणि संक्रांतीनंतर तो नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेला. वस्तीने विहाराजवळ फ्लेक्स लावला. त्यावर संघपालचा एक फोटो आणि त्याचं अभिनंदन करणाऱ्यांचे चौदा. मी मोजले होते.

जाताना तो आप्पांना म्हणाला होता, “आप्पा, गाडी सांभाळा. आल्यावर तुम्हाला मागं बसवून गावभर फिरवतो.” आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलवर जन्म गेला. त्यामुळे सांभाळायची म्हणजे उभीच ठेवायची.

उन्हाळा निघाला. मृगाच्या तोंडावर आप्पा गाडी ढकलत माझ्याकडे घेऊन आले. दीड किलोमीटर. मी म्हणालो, आप्पा, सांगावा धाडायचा, मी आलो असतो.

“आवो, सवय हाय चालायची,” ते म्हणाले. “मेस्त्री, लेकराची गाडी हाय. दसऱ्याला येनार हाय त्यो. जशी ठिवून गेला तशी पायजे. मला लोखंडाचं कळतं, पर हे तुमचं बारीक लोखंड. तुमी सांगाल तसं करतो.”

मी मनापासून काम केलं. चेन धुतली, ऑइल बदललं. पुढच्या डिस्कचे पॅड निम्मे झाले होते, आप्पांना दाखवले, तर ते म्हणाले, नवे टाका, कसर नको. नवे टाकले. डिस्क म्हणजे पुढच्या चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. सगळा खेळ त्या चिमटीचा.

मग मी त्यांना गाडी पावसात कशी ठेवायची ते सांगायला बसलो. मधल्या स्टँडवर उभी करा, चाकाखाली फळी द्या. टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या टाकीला आतून गंज लागतो. बॅटरीची वायर सोडा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा. वर छप्पर करा, बाजू उघड्या ठेवा, अंगाला काही चिकटू देऊ नका. आप्पा एकेक बोट मिटत होते. लिहायची सवय नव्हती, पण एकदा ऐकलेलं ते विसरत नसत. साहेबाचा हुकूम जसाच्या तसा पाळण्यावरच गाड्यांमधल्या माणसांचे जीव अवलंबून असतात, अशा नोकरीत त्यांचं आयुष्य गेलं होतं.

एवढ्यात गॅरेजपुढे हॉर्नचा कल्लोळ उठला. कुणा पुढाऱ्याच्या स्वागताची बाइक रॅली. साठ-सत्तर गाड्या, प्रत्येकीवर झेंडा, त्यांतल्या पाच-सहा बंद पडलेल्या. “मेस्त्री, आधी आपलं बघा! साहेब टोलनाक्यावर आलेत!” एकाच्या गाडीची क्लच वायर तुटली होती आणि साहेबांचं स्वागत त्या वायरीवाचून अडलं होतं. मी उठलो. आप्पांना उभ्या उभ्या म्हणालो, “आणि दर आठवड्याला कोरडी पुसून ऑइलचं बोट सगळीकडं फिरवा. झालं.”

“सगळीकडं,” आप्पा म्हणाले आणि शेवटचं बोट मिटलं.

त्यानंतर मी दोन-तीनदा त्यांच्या घरावरून गेलो. गाडी बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. चार बांबू रोवून आप्पांनी वर छप्पर केलं होतं, आणि छपराला तोच अभिनंदनाचा फ्लेक्स, उताराने बांधलेला, पाणी मागे जाईल असा. संघपालचा चेहरा आभाळाकडे, चौदा शुभेच्छुक पाण्याच्या पन्हाळीवर. खाली गाडी दुकानातल्यासारखी. आप्पा खाटेवर बसून चिंधीने स्पोक पुसत होते, एकेक, मोजून.

“किती स्पोक आहेत आप्पा?” मी रस्त्यावरूनच विचारलं.

“सत्तावीस पुसल्यात. तुमी इचारलं म्हनून पुढचं इसरलो,” ते म्हणाले.

त्या वर्षी पाऊस बसला. भाद्रपद उलटला तरी हलेना. गॅरेजात टायर बुडतील एवढं पाणी, आणि गिऱ्हाइकं छत्र्या घेऊन वादावादी करतायत अशा गडबडीत आप्पांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, कारण त्यांचं आयुष्य रुळाच्या कडेला गेलं होतं.

“मेस्त्री! चकतीला तांबूस चढलंय! कालच्या एका रातीत! सकाळी बघतो तर लाल!”

चकती. आमच्या धंद्यात मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला, ज्यावर चेन फिरते त्याला, बरेच लोक चकती म्हणतात. मीही म्हणतो. ते चक्र पावसात लाल होतंच, आणि त्याला तेल द्यावंच लागतं. समोर गिऱ्हाईक बोलत होतं, एका कानात बोट घातलं होतं. मी म्हणालो, “अहो आप्पा, मग तेल लावा की! सांगितलंय ना सगळीकडं म्हणून?”

“लावतो,” आप्पा म्हणाले. “दोनी बाजूंनी लावू?”

“लावा दोन्ही बाजूंनी.”

दोन शब्द विचारायचे होते: कुठली चकती? नाही विचारले.

डिस्कवर एका रात्रीत जो तांबूस थर येतो तो गंजच असतो, पण निरुपद्रवी. गाडी चार पावलं चालवून दोनदा ब्रेक दाबला की तो पुसला जातो आणि थाळी चकचकीत होते. त्याला हात लावायचा नसतो. गाडीच्या अंगावर ही एक जागा अशी आहे की तिला गंज चालतो, तेल चालत नाही. तेल लागलं की चिमटी सुटली. हे मला झोपेतही माहीत होतं. गंजावरच्या माझ्या सगळ्या व्याख्यानांत ते नव्हतं, कारण त्यात टाळीचं वाक्य नव्हतं.

संघपाल दसऱ्याच्या दोन दिवस आधी आला. दीक्षान्त संचलन झालं होतं, हजर व्हायला आठ दिवस होते. आप्पांनी त्याच्यादेखत सायलेन्सरची चिंधी काढली, बॅटरीची वायर जोडली. मी सांगितलं होतं त्याच क्रमाने, उलट. बटण दाबताक्षणी गाडी सुरू झाली. आप्पांनी मला लगेच फोन केला. “पैल्या बटनाला, मेस्त्री! पैल्या बटनाला!” मी म्हणालो, मग? हाताखाली कुणाच्या शिकलात?

हे वाक्य मी बोललो आहे. ते खोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. संघपाल आप्पांना म्हणाला, आधी एक चक्कर मारून बघतो, मग तुम्हाला बसवतो. रेल्वेच्या मोरीकडे उताराला ट्रॅक्टर वळत होता. संघपालने पुढचा ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. मागचा ब्रेक थोडा धरला, म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. उजवा गुडघा ट्रॉलीच्या चाकाला भिडला होता.

गाडी दोन दिवसांनी माझ्याकडे आली, टेम्पोतून. पुढचा भाग वाकला होता, बाकी गाडी लख्ख. एकाही स्पोकवर डाग नाही. आप्पा दवाखान्यातून थेट आले होते आणि बाहेर पायरीवर बसले होते. मी चाकाजवळ उकिडवा बसलो, थाळीवरून अंगठा फिरवला. अंगठा घसरला. थाळीच्या भोकाभोकांत ऑइल साचलं होतं, पॅड पिऊन बसले होते. दोन्ही बाजूंनी.

 मग पेट्रोलचा बोळा घेतला आणि थाळी पुसली. नीट पुसली, भोकंसुद्धा. पॅड काढून माझ्या डब्यात टाकले. बाहेर गेलो.

“काय झालं हुतं, मेस्त्री?” आप्पांनी विचारलं. “पोरगं म्हनतंय, बिरेक दाबला, लिवर आत गेला आन् गाडी तशीच पुढं.”

“पॅड झिजले होते आप्पा,” मी म्हणालो. “माझी चूक. मी बदलायला हवे होते.”

 आप्पांनी मान हलवली, चिंधी खांद्यावर टाकली आणि गेले. मला वाटलं, मी एक चांगलं काम केलं. दोष स्वतःवर घेतला होता, आणि तो माझाच होता. फक्त तो दुसरा होता.

संघपालच्या गुडघ्यात पट्टी बसली, स्क्रू बसले. नोकरी राहिली. त्याला टेबलावर बसवलं, आवक-जावक टपालाच्या नोंदी. भरतीत पहिला धावलेला पोरगा जिना चढताना कठडा धरतो. तो कधी तक्रार करत नाही. सुट्टीवर आला की गॅरेजात डोकावतो, “काय मेस्त्री, चाललंय का?” म्हणतो. मला त्याच्या पायाकडे बघवत नाही, आणि न बघणंही त्याला दिसतं.

आप्पा मात्र त्यानंतर गॅरेजात आले नाहीत. गाडी मी सरळ करून घरी पोचवली, तेव्हाही ते बाहेर आले नाहीत. थोरल्या सुनेने चावी घेतली.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. बांबू जागेवर होते, वर फ्लेक्स नव्हता. गाडी उघड्यावर, भर पावसात. हँडल लाल, स्पोक लाल, चेनचा नुसता लाल दोर झाला होता. सीट फाटून त्यात पाणी साचलं होतं. आप्पा दाराच्या आत खाटेवर बसून तिच्याकडे बघत होते. मागे कपाटावर फ्लेक्सची नीट घडी दिसत होती, संघपालचा चेहरा वर येईल अशी.

“आप्पा, हे काय?” मी म्हणालो. “निदान छप्पर तरी—”

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “खाऊ द्या तिला.”

मी दारातच उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पाऊस वाढला तसा मी आत झालो. मग ते हळू आवाजात बोलले. फोनवर ओरडणारा माणूस इतकं हळू बोलतो हे मला माहीत नव्हतं.

“पॅड नवं हुतं, मेस्त्री. मिरगाला तुमीच टाकलं. मीच म्हनालो हुतो, कसर नको.”

मी दाराशीच खाली बसलो.

“मला दवाखान्यातच कळलं. पोरगं म्हनालं, गाडी घसारल्यागत पुढं गेली. घसारल्यागत.” त्यांनी तळहात समोर धरला, आडवा, आणि त्यावरून दुसऱ्या हाताचं बोट पुढे सरकवलं. “रूळ असतोय ना, त्येला खाली, सांध्याला ग्रीस. पर माथ्याला न्हाई. माथ्यावर चाक चालतं. माथ्याला ग्रीस लागलं तर इंजिन जाग्यावर फिरंल, न्हाईतर थांबायचं तितं थांबायचं न्हाई. माथा राती लाल झाला तर हू द्यायचा. सकाळची पैली गाडी गेली की रुप्यावानी हुतो. नव्या गँगमनला पैल्या दिवशी मी हेच सांगायचो. पैल्या दिवशी.”

“आप्पा, मी फोनवर—”

“तुमी चकती इचारली न्हाई. मी कंची ते सांगितलं न्हाई. ते हुतं.” ते थांबले. “पर मेस्त्री, तुमी त्या दिवशी अर्धा तास बोलला. लई बोलला. नुस्तं येवढं म्हनायचं, आप्पा, ही थाळी म्हंजी रुळाचा माथा. मला तीस वर्सं ठावं हुतं वो. मला ठावंच हुतं.”

मग ते पुन्हा गाडीकडे बघू लागले. मी भिजत घरी आलो.

आप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले. गाडी भंगारवाल्याने नेली, तेव्हा तिची डिस्कही लाल झाली होती. चार पावलं चालवून दोनदा ब्रेक दाबला असता तर तेवढी एक जागा अजूनही चकचकीत झाली असती.

आता मी कुणाला सल्ला देताना आधी विचारतो, तुम्ही काय करता? शेतकरी असेल तर डिस्कवर बोट ठेवून सांगतो, हा नांगराचा फाळ. पहिल्या तासात मातीच त्याला घासते, तेल लावायचं नाही. खडूवाले गुरुजी असतील तर सांगतो, हा फळा, याला तेल लागलं की खडू उठत नाही. रेल्वेतला माणूस आला तर मात्र मी त्यालाही फाळच सांगतो. रुळाचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही.

हे छापायला देण्याआधी मी संघपालला फोन केला. सगळं वाचून दाखवलं. थाळी पुसली, तेही.  त्याच्या मागे कुणीतरी टपालावर शिक्के मारत होतं, तेवढा आवाज येत होता.

“नावं बदलू का?” मी विचारलं.

“बदला,” तो म्हणाला. “आन् मेस्त्री, एक करा. आप्पांनी चुकून तेल लावलं, असं कुठं लिहू नका. आप्पांनी तुम्ही सांगितलेलं ऐकलं, असं लिहा.”

आप्पांनी मी सांगितलेलं ऐकलं.